चांदमारीची थंडी

थंडी पडली की माझं पोट दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं हे दुखणं नाही. दुसऱ्याचं बरं झालेलं बघून जे दुखतं, ते हे. एरवी ते गप असतं. सांगलीच्या उन्हाळ्यात त्याला डोकं वर काढायला जागा नसते, पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष नदीच्या पाण्याकडे असतं. पण दिवाळी मागे पडते, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं शेंड्यांचं वाडं सांडत जायला लागतात, पहाटे मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येतो आणि मग ते दुखणं जागं होऊन मला साताऱ्याला घेऊन जातं.

यंदा ते लौकरच आलं, कारण माझी नात सई रायफल शिकायला लागली. दर रविवारी मी तिला रिक्षानं कुपवाडला घेऊन जाते. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये तिचा वर्ग भरतो. रविवारी कुपवाडच्या कारखान्यांची यंत्रं बंद असतात, कामगारांच्या दुचाक्या नसतात, रस्ते मोकळे असतात. मुली रांगेत उभ्या राहून समोरच्या कागदावर नेम धरतात. ही हवेची रायफल. हिला आवाजही बेताचा आणि वास तर नाहीच. मी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर थर्मास मांडीवर घेऊन बसते. शिकवायला एक बाई येतात, हौसेनं, फुकट. त्या कोण ते मी मागाहून सांगेन. आत्ताच नाव घेतलं तर हा लेखही त्या पळवून नेतील. त्यांना ती सवय आहे.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत मी एकोणीस वर्षांची होते आणि साताऱ्याच्या कॉलेजात जात होते. आमचं घर शहराच्या कडेला, जिथं घरं संपतात आणि शेतं सुरू होतात तिथं. त्याच्याही पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी चांदमारीचा माळ होता. पूर्वी कधीतरी पलटणी तिथं नेमबाजी करत, त्यावरून ते नाव पडलं. माळाच्या टोकाला मातीचा उंच बांध, गोळ्या खाऊन खाऊन मऊ झालेला. बांधासमोर बांबूच्या चौकटीवर कागद डकवायचे. कागदाच्या मधोमध काळा गोल, त्याला सगळे चांद म्हणत. इकडच्या बाजूला पालथं पडायला अंथरलेल्या पोत्यांची रांग. गोळीबार चालू असला की लाल बावटा वर चढायचा आणि गुराखी आपली गुरं वळवून ओढ्याच्या अंगाला न्यायचे.

त्या माळाचं गवत अजून माझ्या अंगाला टोचतं. पहाटे ते दवानं भिजलेलं असे, पालथं पडलं की पोटापासून गुडघ्यापर्यंत सगळं ओलं. दव वाळलं की कुसळं. घरी आल्यावर निम्मा दिवस कुसळं काढण्यात जायचा. चट् असा आवाज व्हायचा, तो डोंगराला लागून परत यायचा आणि पाठोपाठ जळक्या दारूचा वास. पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या पोत्यावर पडायच्या, त्या लगेच उचलल्या तर बोटाला चटका बसे. हा वास मला फार आवडायचा. अजून कुणी फटाकडी उडवली की मी दारात येऊन उभी राहते, आणि सून म्हणते, आई, धुरात कशाला उभ्या राहता.

रविवारचा हा वर्ग काढला होता आमच्या आबांनी आणि हायस्कूलच्या कवायतीच्या मास्तरांनी. आबा म्हणजे माझे वडील. बांगलादेशची लढाई झाल्यावर ते हवालदार म्हणून पेन्शनीत आले. मास्तर त्यांचे लंगोटीयार. दोघांनी मिळून कुठून कुठून परवानग्या आणल्या, चार-दोन जुन्या बावीस बोअरच्या रायफली मिळवल्या आणि जाहीर केलं की ज्याला म्हणून शिकायचंय त्यानं यावं, आम्ही शिकवू. भरतीला जायचं म्हणणारी मेढ्याकडची पोरं यायची, एक दवाखान्यातला कंपाउंडर यायचा, कापडदुकानातला एक जाडजूड शेठ यायचा, त्याला पालथं पडलं की उठवायला दोघं लागायचे. आणि कॉलेजातल्या आम्ही तीन-चार मुली.

"आवं, लष्कर सोडून आलासा न्हवं?" आई दर रविवारी म्हणायची. "मग आता ह्या लष्कराच्या भाकरी कशापायी भाजताय?"

"भाकरी तर तूच भाजतीयास," आबा म्हणायचे.

तेही खोटं होतं. भाकरी मी भाजायची. रविवारी पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्यांची चळत फडक्यात बांधून आबा सायकलच्या कॅरियरला लावायचे, आणि शिकायला आलेली सगळी मंडळी गोळीबार आटोपल्यावर ओढ्याकाठी बसून त्या खायची. म्हणजे ती म्हण आमच्या घरात अक्षरशः खरी झाली होती. लष्कर आबांचं आणि पोळलेली बोटं माझी.

आता घरातले आबा कसे होते ते सांगते, नाहीतर माझी पोटदुखी कुणाला कळायची नाही. माझं सगळं लहानपण ते सीमेवर. भिंतीवरच्या फोटोत मिशा होत्या, त्या मिशांना मी आबा म्हणायची. एकदा ते रजेवर आले तेव्हा मी शेजारणीला जाऊन सांगितलं होतं, आमच्याकडं पाव्हणा आलाय. ती गोष्ट आई हसत हसत सगळ्यांना सांगे. आबा हसत नसत. पुढे ते कायमचे घरी आले आणि आमच्या घराची बराक झाली. चपला भिंतीला समांतर, वळकट्यांच्या घड्या कोपऱ्याला कोपरा लावून, आईचे डबे उंचीप्रमाणे उभे. जराशी चूक झाली की एकच वाक्य यायचं. "शिस्त हाय का न्हाई ह्या घरात?" ते ओरडत नसत. पण तो शब्द आला की मी आणि माझा धाकटा भाऊ जिथं असू तिथं ताठ व्हायचो, हात सरळ, टाचा जुळलेल्या, नजर जमिनीला. ते आमच्या अंगवळणीच पडलं होतं. हे असं उभं राहिल्यावर आबा पुढे काही बोलत नसत, आणि आम्हाला तेवढंच हवं असायचं.

म्हणून मी चांदमारीला जायचं ठरवलं. नेमबाजीची मला काडीची हौस नव्हती. मी भाकरी पोचवायला म्हणून एकदा तिथं गेले होते आणि माळावरचे आबा पाहिले होते. ते आमच्या घरातले नव्हतेच. त्या जाडजूड शेठच्या शेजारी ते ओल्या गवतात आडवे पडले होते, मी इस्त्री केलेल्या शर्टासकट, आणि त्याच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी सांगत होते. शेठनं गोळी झाडली, ती कुठल्या कुठं गेली, आणि आबा म्हणाले, "आसूं दे. पुन्यांदा." एवढा मऊ आवाज त्यांच्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी तिथं भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उभी होते आणि मला एका पोट सुटलेल्या कापडवाल्याचा हेवा वाटत होता. मनात एकच आलं, की आबांनी असं एकदा माझ्या शेजारी आडवं पडावं. एकदाच. आणि माझ्या कानाशी बोलावं.

आम्ही मुली आलो त्या पहिल्या रविवारी मास्तरांनी आमच्यासाठी शाळेच्या लेझीम पथकाच्या पांढऱ्या सलवारी आणल्या होत्या. आम्ही आपापल्या पोत्यावर पालथ्या पडलो. आबा मागून, हात पाठीशी बांधून फिरत होते. पलटणीतलं शिकवणं त्यांना हिंदीतच येत होतं, त्यामुळे हुकूम हिंदीत आणि बाकी सगळं साताऱ्याचं. आधी म्हणाले, लेट के पोजिशन. मग म्हणाले, भर. आणि मग म्हणाले, "शिस्त ले."

माझ्या कानाला तो घरचाच शब्द वाटला. माझ्या हातून काय चुकलं ते काही कळेना, पण अंगानं आपलं काम केलं. मी रायफल पोत्यावर नीट सरळ ठेवली. हात अंगाला चिकटवले, टाचा जुळवल्या, नाक पोत्याला लावलं आणि श्वास धरून गप पडून राहिले.

आधी मेढ्याच्या पोरांपैकी कुणीतरी खुसखुसलं. मग मास्तर म्हणाले, "आवं हवालदार, तुमची पोरगी पालथी सावधान झाली की." मग सगळा माळ हसला. आबा तेवढे हसले नाहीत. ते माझ्यापाशी आले, त्यांच्या बुटाचं टोक माझ्या टाचेला लागलं. "टाच खाली. रायफल उचल," एवढं म्हणाले आणि पुढे गेले. शिस्त घेणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगितलं नाही. शेजारच्या पोरांचं बघून मी शिकले.

माझ्या डाव्या हाताला जी मुलगी पडली होती ती मात्र पालथी सावधान झाली नाही. तिनं मान वळवून सरळ विचारलं, "काका, शिस्त ले म्हणजे काय घ्यायचं?"

आणि आबा आडवे पडले. तिच्या शेजारी, त्या दवात. मला त्यांच्या गुडघ्याचा कट् असा आवाज आला, इतक्या जवळ. "शिस्त म्हंजी नेम, बाळा," ते म्हणाले. "पुढं नळीच्या टोकाला ती माशी दिसती न्हवं? ती मागल्या खाचेत बसीव. बसली? आता त्या माशीच्या डोक्यावर चांद ठेव. दमानं. श्वास सोड. निम्मा सोड, निम्मा ऱ्हाऊं दे."

त्या दिवशी मला कळलं की शिस्त या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि आमच्या घरात त्यातला एकच आणला गेला होता. दुसरा, जो मऊ होता, तो आबांनी बाहेरच्या लोकांसाठी राखून ठेवला होता. शिवाय ती बाळा. आम्ही घरात ए शाले आणि ए बाब्या.

त्या मुलीचं नाव पद्मा. सांगलीची, जैनांची. घरात हळदीचा व्यापार होता. साताऱ्यात मामाकडे राहून शिकत होती. अंगानं काडी, आवाज बारीक, आणि कशाचीही भीती नाही. मास्तरांनी एकदा तिला चिडवलं, जैनाची पोर आणि हातात रायफल, आजीला ठाऊक हाय का? ती म्हणाली, "सर, कागदाला जीव नसतो." नेम मात्र तिचा भयंकर होता. गोळी चांदावर सोडा, कागदावरही बसत नव्हती. एकदा तर तिची गोळी शेजारच्या कागदावर, म्हणजे माझ्याच कागदावर येऊन बसली. मी त्यातही तिचा डाव पाहिला.

गोम अशी होती की तिचा डावा डोळा मिटायचाच नाही. उजवा मिटे, दोन्ही मिटत, एकटा डावा मिटेना. आबांनी तिच्यासमोर बसून स्वतः डोळा मिटून दाखवला, उघडून दाखवला, पुन्हा मिटून दाखवला. मिशीवाला हवालदार माळावर बसून एका कॉलेजच्या पोरीला डोळा मारतोय, असं ते दृश्य. मेढ्याची पोरं खाली माना घालून हसत होती. शेवटी आबांनी खिशातला रुमाल काढला, त्याची तिरकी घडी घातली आणि तिच्या डाव्या डोळ्यावरून बांधून दिला. गाठ मागे केसात अडकू नये म्हणून दोनदा सोडून बांधली.

तो रुमाल मी धुतलेला. मी नीळ दिलेला. शनिवारी रात्री निखाऱ्याची इस्त्री फिरवून मी त्याची चौपदरी घडी घातलेली. आणि दुसऱ्या रविवारी आबा म्हणाले, दोन रुमाल दे.

त्याच्याही पुढच्या रविवारी त्यांनी चुलीपाशी येऊन घसा खाकरला. आबा चुलीपाशी कधी येत नसत. "एक ठेचा बिनलसणाचा कर," म्हणाले. "सांगली लसूण खात न्हाई." पद्माला ते सांगली म्हणायचे. आता मला गवार आवडत नाही, हे एकोणीस वर्षांत त्या माणसाला ठाऊक नव्हतं. आणि सांगली लसूण खात नाही हे तीन रविवारांत कळलं. मी बिनलसणाचा ठेचा केला. मिरच्या नेहमीपेक्षा जास्त घातल्या. ओढ्याकाठी बसून पद्मानं तो खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि म्हणाली, "शालन, किती छान झालाय गं." आणि अजून मागून घेतला. अशा माणसाचं काय करायचं सांगा.

मत्सर हा शब्द मला कधी जवळचा वाटला नाही. तो कीर्तनात शोभतो, सहा शत्रूंच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा. माझ्याजवळ होता तो हेवा, आणि हेवा घरगुती असतो. तो ताटाच्या कडेला बसतो, रुमालाच्या घडीत असतो, दुसऱ्याच्या वेणीतल्या गाठीकडे बघत राहतो. त्याला फार काही लागतही नाही. आई मला जळकुकडी म्हणायची. "तुला काय कमी हाय गं? बाप घरात हाय तुझा." तेच तर मला सांगता येत नव्हतं. बाप घरात होता, पण माझ्या वाट्याला फक्त टाच खाली असं म्हणणारा बूट येत होता. खरे आबा माळावर होते आणि तिथं ते सगळ्यांचे होते.

सगळ्यात राग यायचा तो एका वाक्याचा. रायफलीच्या दांड्याला गाल कसा लावायचा हे नवशिक्याला लौकर जमत नाही. कुणी घट्ट दाबतो, कुणी भीतीनं लांब धरतो. आबा प्रत्येकाला तेच सांगायचे, शेठलासुद्धा. "गाल दाबूं नगा. टेकवा. तान्हं लेकरू बापाच्या खांद्यावर झोपतं न्हवं, तसा टेकवा." पद्माला सांगताना तर त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवून दाखवला होता, असा, असं म्हणून. मी दोन हात अंतरावर पडून ते ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. बापाच्या खांद्यावर झोपलेलं लेकरू यांनी कुठं पाहिलं? आमच्या घरात तर लेकरं आईच्या पाठीवर वाढली. बाप फोटोत होता. हे असलं गोड बोलणं पलटणीत पाठ करून घेत असतील, असं मी ठरवून टाकलं.

मला ते वाक्य आबांनी कधी सांगितलं नाही. माझा गाल आपोआप बरोबर टेकत होता.

आणि तीच तर माझी अडचण होती. माझा नेम चांगला होता. बघून बघून शिकलेला, पण चांगला. पाच गोळ्या झाडल्या तर पाचही चांदात, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकता येतील अशा. आबा कागद बघायचे, "ठीक," म्हणायचे आणि पद्माच्या शेजारी आडवे पडायला निघून जायचे. शिकवणारा माणूस चुकणाऱ्याच्या शेजारी पडतो, एवढी साधी गोष्ट समजायला मला निम्मा हिवाळा लागला. समजल्यावर मी ठरवलं, आपणही चुकायचं.

चुकणंही सोपं नसतं. पहिली गोळी मी बांधाच्या मातीत मारली. दुसरी बांबूच्या चौकटीला. तिसरी आभाळात जाऊ नये एवढी काळजी घेतली, कारण काही झालं तरी मी हवालदाराची मुलगी होते. मग श्वास निम्मा सोडून, कान मागे लावून, त्या गुडघ्याच्या कट् आवाजाची वाट बघत पडून राहिले. पावलं आली. कुणीतरी माझ्या शेजारी धपकन आडवं पडलं. तपकिरीचा वास आला. ते मास्तर होते.

"का गं शाले, आज काय झालं?" ते म्हणाले. "हवालदार म्हनला, बघा जरा हिच्याकडं. घरच्या मानसाला आपुन शिकवूं न्हाई, हात जड पडतो म्हनला."

मास्तरांनी मला फार मनापासून शिकवलं. माशी, खाच, चांद, सगळं पहिल्यापासून. मी व्हय व्हय म्हणत राहिले. पलीकडे आबा पद्माला म्हणत होते, "निम्मा सोड बाळा, निम्मा ऱ्हाऊं दे," आणि त्या दिवशी पहिल्यांदा पद्माची गोळी चांदाच्या मधोमध बसली. ती उठून नाचली. रुमाल डोळ्यावर तसाच. आबा हसत होते. आबांचा खालचा एक दात तुटका आहे हे मला त्या दिवशी कळलं.

शिवरात्र आली आणि थंडी शिव शिव म्हणत निघून गेली. माळावरचं गवत पिवळं पडलं, परीक्षा आल्या, मेढ्याची पोरं भरतीला गेली. बावटा गुंडाळून मास्तरांच्या घरी गेला. पुढच्या थंडीत वर्ग पुन्हा भरला, पण तोवर माझं लग्न होऊन मी सांगलीला आले होते. नशिबाची गंमत बघा, सांगलीला. पद्माच्या गावात. ती मला पहिल्याच दिवाळीत शोधत आली, हातात बेदाण्याचा पुडा घेऊन, आणि विचारलं काय, तर काका कसे आहेत.

आबा पुढे खूप जगले. शेवटी शेवटी डोळे गेले, पण सांगलीहून कुणी आलं की कान टवकारायचे. पद्मा माझ्याबरोबर साताऱ्याला यायची, ते तिच्या पावलांवरून ओळखायचे. "सांगली आली जणू?" म्हणायचे. मी उंबऱ्यात तिच्या आधी पाय ठेवलेला असायचा. एकदा ती नसताना मी त्यांना विचारलं होतं. तेव्हा माझी मुलंही मोठी झाली होती, विचारायला काही हरकत नव्हती. आबा, माळावर सगळ्यांना शिकवलंत, मला का नाही शिकवलं? त्यांनी मांडीवरच्या पंचाची कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली. मग म्हणाले, "तुला काय शिकवायचं? तुझा नेम बसत हुता." उत्तर अगदी बरोबर होतं. हवालदाराला शोभणारं होतं. मला हवं होतं ते हे नव्हतं.

तर कुपवाडच्या शेडमध्ये हौसेनं, फुकट शिकवायला येणाऱ्या बाई म्हणजे पद्मा. केस पांढरेशुभ्र, अंगानं अजून काडी, आणि डावा डोळा अजून एकटा मिटत नाही. ती मुलींच्या मागून, हात पाठीशी बांधून फिरते. ते हात कुणाचे आहेत ते मला ठाऊक आहे. आणि ती बोलायला लागली की मी खुर्चीत सावरून बसते. सांगलीची, हळदवाल्या जैनांच्या घरातली ही म्हातारी, एरवी शुद्ध बोलणारी, नेम शिकवताना मात्र म्हणते, "दमानं. निम्मा सोड बाळा, निम्मा ऱ्हाऊं दे." आवाज तिचा, चाल आबांची. लोकांच्या घरी बापाचं शेत येतं, घर येतं, निदान नाक तरी येतं. माझ्या बापाचा आवाज असा दुसऱ्याच्या घरी गेला.

गेल्या रविवारी सईला गाल लावायला जमेना. ती दांडा घट्ट दाबत होती. पद्मा तिच्यामागे गेली आणि म्हणाली, "दाबू नको. टेकव. तान्हं लेकरू बापाच्या खांद्यावर झोपतं की नाही, तसा." सईनं टेकवला. गोळी गेली आणि चांदाच्या कडेला बसली. पोरगी खूश. तिनं मान वळवून विचारलं, "पद्माआजी, हे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिला विचार," पद्मा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "हिचंच आहे ते."

"माझं कसलं?" मी म्हणाले. "मला कुणी काही शिकवलं नाही. पलटणीत शिकवत असतील तसं."

पद्मानं सईला थांबायला सांगितलं. मग येऊन शेजारच्या खुर्चीवर बसली. "शालन, तुला खरंच ठाऊक नाही? मला वाटलं, घरात सगळ्यांना ठाऊक असेल. मी विचारलं होतं गं काकांना, तेव्हाच, माळावर. हे पलटणीत सांगतात का म्हणून. ते म्हणाले, न्हाई, पलटणीत नुसतं गाल लगाव म्हणत्यात. ह्ये माझं सवताचं हाय."

आणि तिनं पुढचं सगळं सांगितलं, आबांच्याच शब्दांत, त्यांच्याच चालीवर. मी ते इथं तसंच ठेवते.

"शाली तान्ही व्हती. माझी रजा सपली व्हती. स्टँडवर यष्टी लवकर येईना, पोरगी रडून रडून माझ्या खांद्यावर झोपली. ह्या, उजव्या. तिची आय म्हनली, द्या हिकडं, तुमचा हात आवघडल. मी न्हाई दिली. हाललो आसतो तर जागी झाली आसती, म्हणून हाललोच न्हाई. श्वास बी निम्माच घेत हुतो. यष्टी आली तवा बी झोपल्यालीच. तशीच तिच्या आयच्या हातात दिली आन् गेलो. फुडं वरती, बर्फात, रायफल खांद्याला लावली की त्यो गाल आठवायचा. आपला गाल तसाच टेकवायचा, आन् निम्मा श्वास घेऊन पडायचं. हात हालायचाच बंद झाला बग."

सई पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. पद्मा तिच्या मागे गेली. मी थर्मासचं झाकण लावत बसले होते, ते आट्यांत नीट बसत नव्हतं. बाहेर उसाची ट्रॉली गेली आणि पत्रे थरथरले.

पद्माचा हेवा वाटला, हे काय सांगायला हवं? पन्नास वर्षं ही गोष्ट तिच्याकडे होती, माझी असून. आबांनी ती तिच्या कानाशी सांगितली, मी हातभर अंतरावर पडलेली असताना. पण खरं सांगते, तो हेवा थोड्याच वेळात तिच्यावरून उठला आणि पार मागे, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बसला. त्या तान्ह्या पोरीपाशी. तिच्यासाठी आबा हलले नाहीत. तिच्यासाठी त्यांनी निम्माच श्वास घेतला. ज्या एका गोष्टीसाठी मी अख्खी थंडी त्या ओल्या माळावर पालथी पडून काढली, ती तिला न मागता मिळाली, एसटी येईपर्यंत.

आणि बया झोपून राहिली.